बांधावरच्या झाडाचा हिशेब

महाराष्ट्रात शेतातलं झाड म्हणजे बहुतेक वेळा बांधावरचं झाड. रानाच्या मधोमध एखादा आंबा किंवा चिंच असते, विहिरीच्या काठाला उंबर नाहीतर जांभूळ असतं, जुन्या खळ्यापाशी लिंब असतो. पण मुख्य वस्ती बांधाची. बाभूळ, हिवर, बोर, लिंब, करंज, सीताफळ, पळस यांतलं बरंचसं कुणी लावलेलं नसतं. पाखराच्या विष्ठेतून, शेळीच्या लेंडीतून, ओढ्याच्या पाण्यातून बी येतं. बांधावर नांगर फिरत नाही म्हणून रोप जगतं आणि शेतकरी त्याच्यावर कुऱ्हाड चालवत नाही म्हणून त्याचं झाड होतं. विदर्भात बांधाला धुरा म्हणतात, तिथंही हीच रीत. आपल्याकडे झाडांचा विषय निघाला की लगेच खड्डे, रोपं आणि लागवडीची उद्दिष्टं पुढे येतात. पण आपल्या बांधांवरची जुनी झाडं मुख्यतः लावलेली नाहीत, राखलेली आहेत. ती कुणी राखली, का राखली आणि आता का राखवत नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय नवी लावण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि हा बांधच आता आक्रसत चालला आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातलं सरासरी वहिवाटीचं क्षेत्र १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. सरासरी एवढी, तर पुष्कळांच्या वाट्याला वीस-तीस गुंठेच. वाटण्या होतात तसे बांध वाढतात, तेव्हा झाडांना जागाही वाढायला हवी. होतं उलटंच. नवा बांध म्हणजे पाऊलभर रुंदीची वरंबी. जुना रुंद बांध दोन्ही बाजूंनी दरसाल थोडा थोडा कोरला जातो आणि या बांध कोरण्यावरून भावाभावांत तंटे होऊन प्रकरणं तहसील कचेरीपर्यंत जातात. बैलाचा नांगर बांधापासून हातभर लांबून वळायचा. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते आणि जेसीबीला तर अख्खा बांध अर्ध्या दिवसाचं काम. ज्या पट्टीवर झाड उगवायचं ती पट्टीच राहिली नाही, तर बी येऊन पडणार कुठं?

झाडं खरोखर कमी होताहेत का, यावर दोन आकडे सध्या समोर आहेत आणि वरवर पाहता ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशाचं वृक्षाच्छादन १,१२,०१४ चौरस किलोमीटर दिलं आहे. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, १४,५२५ चौरस किलोमीटर. हे वृक्षाच्छादन म्हणजे वनक्षेत्राबाहेरचे, एक हेक्टरपेक्षा लहान झाडांचे पुंजके आणि सुटी झाडं. दुसरा आकडा कोपनहेगन विद्यापीठातल्या मार्टिन ब्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. मे २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात त्यांचं काम प्रसिद्ध झालं. सलग लागवडी वगळून, उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांनी भारतातल्या शेतांमधली सुमारे ६० कोटी झाडं एकेक करून टिपली. २०१०-११ मध्ये दिसलेल्या मोठ्या, विस्तीर्ण घेराच्या झाडांपैकी सुमारे ११ टक्के झाडं २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती. त्यानंतरच्या चार वर्षांत, २०२२ पर्यंत, आणखी ५० लाखांहून अधिक मोठी झाडं गेली. जिथं ही घट दाट दिसते त्या भागांत महाराष्ट्र आणि तेलंगण आहेत.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. डाळिंबाची बाग, सुबाभळीच्या रांगा, घरामागची शेवग्याची चार झाडं यांनी आच्छादन भरून निघतं. त्याच गावातली ऐंशी वर्षांची चिंच पडली, तर एकूण आकड्यात तिचं एवढंसंही चिन्ह उमटत नाही. म्हणून एकूण हिरवाईचा आकडा वाढला की समाधान मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. जुन्या झाडाची जागा रोपांची संख्या घेऊ शकत नाही. हे मी भावनेपोटी म्हणत नाही. त्यामागे लाकूड, चारा, फळ आणि ढोली यांचा रोकडा हिशेब आहे.

त्यासाठी बाभळीकडे जरा जवळून पाहू. पठारावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बाभळीइतकं दुसऱ्या कुठल्याच झाडानं दिलेलं नाही. ऐन उन्हाळ्यात, रानात गवताची काडी नसते तेव्हा हिचा पाला हिरवा असतो आणि पांढुरक्या, मण्यामण्यांच्या शेंगा खाली पडत असतात. शेळ्या त्या शेंगांवर तुटून पडतात. सकाळी झाडाखालच्या शेंगा वेचून घरी नेणं हे घरातल्या बायका-पोरांचं काम असायचं. नांगर, कुळव, वखर, तिफण, जू, गाडीच्या चाकाचे आरे हे सगळं सुतारमेटावर बाभळीतून घडायचं. खोडाची साल चर्मकारांकडे जायची. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरडा यांतच कमावतात. काट्यांचं कुंपण व्हायचं, डिंक विकला जायचा, ढलप्या आणि फांद्या चुलीत जायच्या. शेंगवर्गातली बरीच झाडं मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतात, बाभूळही त्यांतलीच. तिच्याखालची माती काळसर आणि भुसभुशीत असते हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. त्यातही निवड होती. रामकाठी बाभूळ सरळसोट वर जाते, फांद्या खोडाला धरून राहतात, सावली जेमतेम पडते. बांधावर ती राखायची आणि पसरणारी बाभूळ ओढ्याकाठी किंवा पडीक तुकड्यात वाढू द्यायची, असा शहाणपणा पिढ्यांनी जमवलेला होता.

आता यातलं एकेक कारण कसं गळून पडलं ते पाहा. लोखंडी औतं आली, मग ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले; सुतारमेट बंद पडलं. गॅस आल्यावर सरपणाची निकड कमी झाली, आणि बाईच्या डोक्यावरचा भारा उतरला याचा आनंदच आहे. कातड्याला रासायनिक प्रक्रिया आली. शेळी राहिली, पण ती राखायला पोरगं नाही. बाभूळ जिथल्या तिथंच होती. तिची गरज मात्र आजूबाजूनं काढून घेतली गेली. मग उरलं काय, तर तिची सावली आणि काटा. माणसं निसर्गापासून दुरावली म्हणून झाडं तोडतात, असं शहरातून सहज म्हटलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. झाडाची किंमत शून्य झाली आणि नुकसान जसंच्या तसं राहिलं, हे त्याचं खरं कारण.

प्रत्येक भागाचं झाड वेगळं आणि त्याचं काम वेगळं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या धुऱ्यांवर तूर पेरतात आणि त्याच धुऱ्यांवर मोह उभे असतात. चैतात पहाटे मोहफुलं वेचायची, वाळवायची, आणि पुढं फळं आली की त्यांच्या बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल काढायचं. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला ऐन, किंजळ यांसारख्या झाडांची कवळं तोडून राब करतात. राबाच्या प्रथेवर बरीच टीका झाली आहे आणि ती पूर्ण चुकीची नाही. पण त्या प्रथेमुळेच खाजगी मालकीच्या वरकस जमिनींत ऐन-किंजळ शंभर-शंभर वर्षं उभे राहिले, हेही खरं. सांगली जिल्ह्यात मिरज भागातला पानमळा पाहिला की कृषिवानिकी या शब्दाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी आपल्याकडे ती किती बारकाईनं केली जात होती ते कळतं. वेलीला चढायला शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा यांची झाडं, त्यांचीच विरळ सावली, त्यांच्याच फुला-शेंगांची भाजी, छाटलेला पाला जनावरांना. एकाच गुंठ्यात ही एवढी कामं.

पिकाच्या औषधाचंही तसंच. पावसाळ्याच्या तोंडाशी लिंबोळ्या पिकून खाली पडतात. त्या वाळवून, कुटून, पाच किलो भुकटीचा शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांचा अर्क होतो आणि कृषी विभाग दरवर्षी तो फवारायला सांगतो. लिंब नसलेल्या गावात शेतकरी हाच अर्क बाटलीतून विकत आणतो.

दुष्काळात झाडाची किंमत सगळ्यांनाच आठवते. १९७२ ला लिंब, वड, पिंपळ, उंबर यांच्या पाल्यावर जनावरं जगवल्याच्या आठवणी मराठवाड्यात आणि माणदेशात घरोघरी आहेत. पुढच्या दुष्काळांत चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्यांनी जनावरं वाचवली. पण छावणी सरकार काढेल तेव्हा निघते, आणि बांधावरचा अंजन किंवा हादगा सरकारी आदेशाची वाट पाहत नाही. झाड अडीनडीला विकताही येतं. रॉबर्ट चेंबर्स आणि मेलिसा लीच यांनी १९८९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: गरीब कुटुंबासाठी झाड ही बचत आणि सुरक्षितता असते, आजारपण आलं किंवा लग्नकार्य निघालं की ती मोडता येते. आपल्या गावांतून हे कुणालाही नव्यानं सांगावं लागणार नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या म्हणण्याला जोडावीशी वाटते. बचत मोडता यायला ती मुक्तपणे मोडण्याची मोकळीक असावी लागते, आणि आपल्या कायद्यानं नेमकी तीच अडवून ठेवली आहे. त्याकडे पुढं येतोच.

आधी पाखरांचं आणि वन्यजीवांचं. शेतातलं झाड वन्यजीवांना काय देतं, याचं उत्तर मला एका गोष्टीत द्यायचं असेल तर मी ढोली म्हणेन. तांबट आणि सुतार पक्षी मऊ किंवा वठलेल्या लाकडात स्वतःची ढोली कोरतात. त्यांनी सोडलेली ढोली, आणि जुनी फांदी मोडून खोड कुजल्यावर आपोआप झालेली पोकळी, यावर बाकीच्यांचा संसार. पिंगळा, पोपट, साळुंकी, दयाळ, नीलपंख यांच्यापैकी कुणालाही स्वतःला ढोली कोरता येत नाही. पाच वर्षांच्या सुबाभळीत ढोली नसते. पंधरा वर्षांच्या कलमी आंब्यात नसते, कारण तो छाटून, औषधं मारून निरोगी ठेवलेला असतो. ढोली व्हायला झाडाला म्हातारं व्हावं लागतं आणि थोडं सडावं लागतं. शेतकऱ्याच्या लेखी जे झाड निकामी, ते पाखराच्या लेखी सर्वांत मोलाचं.

पिंगळ्याचाच विचार करू. संध्याकाळी बांधावरच्या आंब्याच्या ढोलीतून तो बाहेर येतो, मान खालीवर करत फांदीवर बसतो आणि रात्रभर किडे, टोळ, उंदरांची पिल्लं टिपतो. उंदरांनी हैराण झालेल्या शेताला यापेक्षा चांगला राखणदार कुठला? दिवसा हेच काम कोतवाल, वेडा राघू आणि बगळे करतात. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी हेक्टरी २० ते ५० पक्षिथांबे लावा, असा सल्ला दिला जातो. शेतात काठ्या रोवून त्यांना आडव्या फळ्या ठोकायच्या म्हणजे पक्षी त्यांवर बसतात आणि अळ्या वेचतात. सल्ला बरोबर आहे, त्याचा उपयोगही होतो. पण काठीवर पक्षी बसतो. रात्री मुक्कामाला, वीण करायला, दुपारच्या उन्हाला तो झाडच शोधतो. आसपास झाड असेल तरच थांब्यावर पक्षी येणार.

मधमाश्यांचं त्याहून थेट आहे. कांद्याचं बी धरायला मधमाशी लागते. कांद्याच्या गोंड्यांवर परागीभवन नीट झालं नाही तर बी पोचट राहतं, म्हणून बीजोत्पादन करणारे शेतकरी आणि डाळिंब बागायतदार मधपेट्या भाड्यानं आणतात. सातेरी माशी ढोलीत पोळं करते, आग्या उंच फांदीला लटकतं, फुलोरी झुडपात. कांद्याला फुलं असतात ती काही आठवडे. उरलेल्या वर्षात माशी जगते ती बोर, जांभूळ, करंज, शेवगा, लिंब आणि बांधावरच्या रानफुलांवर. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते भोवतीच्या जंगलाच्या जोरावर. सपाटीवरच्या गावाला जंगल नाही, तिथं हे काम बांधाला करावं लागेल.

कोकणात हा विषय आणखी ठळक होतो, कारण तिथं बरीचशी झाडी खाजगी मालकीची आहे. मलबारी धनेश, कोकणात ज्याला ककणेर म्हणतात, तो आंबा, बेहडा, सातवीण अशा प्रचंड बुंध्याच्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. दोन महिन्यांहून जास्त काळ ती आणि पिल्लं पूर्णपणे नरावर अवलंबून. नर उंबर-वडाची फळं आणि अधूनमधून सरडा-किडा आणून त्या फटीतून भरवत राहतो. असं एक झाड गेलं की त्या जोडीची वीण त्या वर्षी गेली, आणि जवळ दुसरं तसं झाड नसेल तर कायमची गेली. किनाऱ्यावरचा समुद्री गरुडही उंच आंब्यावर, सुरूवर घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याच झाडाकडे परत येतो. ही झाडं अभयारण्यात नाहीत; कुणाच्या तरी परसात, बागेत, वरकसात आहेत. त्यांचं भवितव्य एका कुटुंबाच्या पैशाच्या गरजेवर अवलंबून असतं.

इथं शेतकऱ्याची बाजू पूर्ण ऐकली पाहिजे. झाडं आणि वन्यजीव यांविषयीच्या लिखाणात ती फार घाईनं उरकली जाते.

पहिली तक्रार सावलीची. दहा मीटर विस्ताराचं झाड साधारण ७८ चौरस मीटर जमीन झाकतं. १.३४ हेक्टरच्या शेतात अशी दहा झाडं असली तर सहा टक्क्यांच्या आत जागा गेली, सोसण्यासारखं आहे. पण वीस गुंठ्यांत अशी तीनच झाडं बारा टक्के जमीन झाकतात. जेवढं शेत लहान तेवढी सावली महाग. शिवाय रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला लांब पडते. म्हणजे माझ्या उत्तर बांधावरचं झाड माझ्या ज्वारीला त्रास देत नाही, शेजाऱ्याच्या ज्वारीला देतं. फळ माझं, सावली त्याची. गावातल्या झाडांच्या भांडणांची निम्मी गोष्ट एवढ्यात येते. झाडाच्या मुळांची पाण्यासाठी पिकाशी स्पर्धाही असते, विशेषतः हलक्या जमिनीत. निलगिरीनं तर ती नको इतकी दाखवून दिली.

दुसरी तक्रार प्राण्यांची. ज्वारीच्या कणसांवर पडणारे पोपट आणि साळुंक्या त्याच झाडावर बसतात ज्यावर कोतवाल बसतो. कोकणात माकडं आणि वानरं यांनी नारळ, आंबा, काजू, केळी, परसातली भाजी यांची जी धूळधाण केली आहे, तिच्यापुढे कुणी वन्यजीवांचं कौतुक सांगू लागलं तर शेतकऱ्याला राग येणं स्वाभाविक आहे. कित्येकांनी शेती सोडली आहे. हा प्रश्न बांधावरच्या झाडांनी निर्माण केलेला नाही, पण झाडं राखा असं सांगणाऱ्यानं तो टाळूही नये.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या तक्रारीतली नाही, माझ्या काळजीतली आहे. सगळीकडेच झाडं हवीत असं नाही. सोलापूर, नगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतले माळ हे ओसाड नाहीत, ती गवताळ रानं आहेत. लांडगा, खोकड, चंडोल, धाविक आणि नान्नजचा आता जवळजवळ संपलेला माळढोक यांचं ते घर. तिथं गिरिपुष्पाच्या रांगा लावणं म्हणजे एका वन्यजीवासाठी दुसऱ्याचं घर मोडणं. धनगरांच्या मेंढ्यांचं कुरणही जातं ते वेगळं. माळ माळ राहावा, झाड बांधावर आणि ओढ्याकाठी असावं.

आता कायदा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २५ सांगतं की आपल्या ताब्यातल्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क धारकाचा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६४ मध्ये, महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम आला होता. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी अशी नावं आहेत. ही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मग अर्ज, सातबारा, पाहणी, लाकडाच्या वाहतुकीचा पास. हेतू चांगला होता आणि त्यामुळे काही झाडं वाचलीही असतील. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. बांधावर आपोआप उगवलेलं खैराचं किंवा जांभळाचं रोप मोठं झालं की ते विकायला त्याला कचेरीची पायरी चढावी लागणार. नाहीतर व्यापारी परवानगीची सगळी कटकट स्वतःवर घेतो आणि त्या बदल्यात झाड मातीमोलानं नेतो. मग रोप हातभर असतानाच उपटलेलं बरं, असं त्याला वाटलं तर दोष कुणाचा? बाभूळ आणि लिंब अनुसूचीत नाहीत, पण गावात सरसकट धास्ती असते. २०१४ मध्ये भारतानं राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण आणलं, असं धोरण आणणारा भारत जगातला पहिला देश. त्या धोरणातही तोडीचे आणि वाहतुकीचे नियम ही मोठी अडचण म्हणून मान्य केली आहे. बांबूच्या बाबतीत २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तेव्हा वनाबाहेरच्या बांबूला वाट मोकळी झाली. बाकी झाडं अजून थांबलेली आहेत.

नायजर देशातलं उदाहरण इथं आठवतं. झाडं सरकारी मालकीची मानली जात होती तोवर शेतकरी त्यांचे कोंब तोडत राहिले. १९८० च्या दशकात मराडी भागात टोनी रिनाऊडो यांनी रोपं लावण्याचा नाद सोडून, जमिनीत जिवंत असलेल्या जुन्या खुंटांचे कोंब राखायला शेतकऱ्यांना प्रवृत्त केलं. पुढं सरकारी अंमलही सैलावला, झाड आपलंच आहे असं लोकांना वाटू लागलं आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली. खर्च नगण्य. आपल्या पळस, बोर, लिंब, हिवर यांच्या खुंटांनाही पावसाळा लागला की असेच धुमारे फुटतात.

आपल्याकडे मात्र जोर लागवडीवर राहिला. त्यातले काही प्रयत्न मोलाचे होते. नाशिक जिल्ह्यात १९८० च्या दशकात विनायकदादा पाटील यांनी निलगिरी उत्पादक शेतकऱ्यांचा सहकारी संघ उभा केला. झाड हे पीक म्हणून घेता येतं आणि त्याची विक्री एकत्रितपणे करता येते, हा विचार त्यातून रुजला. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली आणि कोरडवाहू महाराष्ट्राचा चेहरा बदलला. बोर, सीताफळ, डाळिंब, आंबा यांच्या बागांनी हजारो कुटुंबांना उभं केलं. बायफ संस्थेनं १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसद्यात सुरू केलेली वाडी पुढं जव्हारसारख्या आदिवासी भागात आली: एकरभर जमिनीत आंबा-काजू, मधल्या जागेत पिकं आणि कडेनं जळणाची, चाऱ्याची झाडं. या सगळ्यांत मला वाडीचं मोल सर्वांत जास्त वाटतं, कारण तिच्यात कड विचारात घेतली आहे. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यानं २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली. एवढी ताकद जर आधीपासून उभ्या असलेल्या झाडांना टिकवण्यात गेली असती तर पिंगळ्याला, शेळीला आणि शेतकऱ्याला त्याचा उपयोग त्याच वर्षी झाला असता.

उभ्या झाडाची किंमत काढणं अशक्य आहे, असं कुणी म्हणू नये. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन घेतली जाते तेव्हा २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शासन जमिनीवरच्या झाडांचं मूल्यांकन तज्ज्ञांकडून करून घेतं. आंबा किती वर्षांचा, चिंच किती उत्पन्नाची, सगळं कागदावर येतं आणि मोबदला मिळतो. म्हणजे झाड मरणार असेल तर त्याला किंमत आहे, जगणार असेल तर नाही. ही रीत उलटी फिरवता येईल. ठराविक घेराच्या वरचं देशी झाड उभं ठेवणाऱ्या लहान शेतकऱ्याला, त्याच्या सावलीत गेलेल्या पिकाच्या अंदाजानं, दरवर्षी थोडी रक्कम द्यावी. ढोली असलेल्या झाडाला अधिक. झाड सामाईक बांधावर असेल तर दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी, म्हणजे शेजाऱ्याच्या ज्वारीचाही विचार झाला. आणि नवं झाड राखणाऱ्याला आधीच लेखी हमी द्यावी की हे झाड तू उद्या विकलंस तर तुला कुणी अडवणार नाही. हमी मिळाली की झाडं तोडली जातील ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. नायजरचा अनुभव उलट सांगतो.

यासाठी नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करतो, आणि त्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवण्याचा पर्यायही दिलेला आहे. आज तो पर्याय भरला काय किंवा न भरला काय, शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्यात झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर आणि ढोली आहे की नाही, एवढे दोन रकाने वाढवले आणि एखाद्या कोरडवाहू तालुक्यात त्या नोंदीवर पैसे द्यायला सुरुवात केली, तर तीन-चार हंगामांत बांधावर काय उरतं ते उपग्रहाला दिसेलच.